शेवटच्या चढाईचं रेकॉर्डिंग

११ जानेवारी, रविवार

पाय ठणकतायत. सकाळी नऊला मैदानावर, घरी साडेसातला. रोह्याच्या अलीकडच्या गावात महिलांची स्पर्धा, आठ संघ. पंच म्हणून आम्ही तिघं, त्यात बाई मी एकटी.

हल्ली सामना पंच सुरू करत नाहीत. समीर करतो. निडीचा समीर, 'आंबाकाठ लाइव्ह'वाला, सामने मोबाइलवर दाखवतो. दोन कॅमेरे, लॅपटॉप, जनरेटर. फायनलच्या पोरी मैदानात उभ्या, अंगं गार पडतायत, आणि हा हात वर करून थांबवतोय. "ताई, दोनच मिनिटं. नेट गेलंय." नेट आलं तर जाहिरात. पंधरा मिनिटं गेली. मंडळाची माणसंही त्यालाच विचारतात, चालू करू का रे?

फायनल शेवटपर्यंत अटीतटीची. खाडीकडचा संघ एका गुणाने मागे, शेवटची चढाई ऋतुजाची. एकोणीस वर्षांची, काटक पोरगी. परत फिरताना तिघींनी धरली. पाय, कंबर, सगळं. ती आडवी पडून मध्यरेषेकडे हात लांबवत होती. हात पोचायच्या आधी मी शिट्टी दिली. बाद. पोचली असती तर जिंकल्या असत्या.

ऋतुजा लगेच उठली नाही. मग उठली, गुडघे झाडले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेली. वाद नाही, काही नाही.

गरम पाण्यात पाय घालून बसलेय. दिलीपची सेकंड शिफ्ट. भात सकाळचाच.

१२ जानेवारी, सोम.

मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या बाई फोन घेऊन पीटीच्या खोलीत आल्या. "विद्या, ही तूच ना?"

मीच. नऊ सेकंद. ऋतुजाचा हात, त्याभोवती लाल गोल, मग माझी शिट्टी, मागे हसण्याचा आवाज. वर लिहिलंय, पंचबाईंचा पराक्रम. आणि समालोचकाचं वाक्य: "पंचबाई तर आपल्या गावच्या सूनबाई हो!" हे तो बोलला होता पहिल्या हाफमध्ये, चेष्टेत. ते उचलून शेवटाला जोडलंय.

दिलीपचं आजोळ त्याच गावात, जिंकलेला संघही तिथलाच. हे माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं. बावीस वर्षं पंचगिरी करतेय. पेण-रोह्यात कोण कोणाचं लागत नाही?

पेज समीरचं नाही. पनवेलकडचं कुठलंतरी आहे. समीरच्या नावावर त्यांनी आपलं नाव चिकटवलंय.

१३ जानेवारी, मंगळ.

दिलीप कंपनीतून आला तो सरळ ताटावर बसला. जेवताना म्हणाला, "कँटीनमध्ये दाखवत होते."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार. वहिनींनी किती घेतले म्हणाले. मी हसलो."

त्याने हसायला नको होतं. पण दुसरं काय करणार होता, तेही खरंच.

"कमेंट वाचू नको," म्हणाला. नाही वाचत म्हटलं. मग बाथरूममध्ये फोन नेऊन वाचल्या. विकली गेली. हिला भाकऱ्या भाजायला बसवा. एकाने माझ्या पोटावरून लिहिलंय. त्याच्या फोटोत त्याच्या मांडीवर लहान मुलगी आहे.

१४ जानेवारी, बुध. संक्रांत.

शेजारच्या वाडीत तिळगूळ द्यायला गेले. एक नवी सून म्हणाली, "तुम्ही त्या व्हिडीओतल्या ना? एक सेल्फी घेऊ?" घेतला. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. टीव्हीवरचं माणूस घरी आल्यासारखी खूश झाली.

पूर्वी हे सामने पेणच्या केबलवर लागायचे, तेही दोन दिवसांनी, कॅसेट पोचली की. पेपरात चार ओळी. अमुक संघाने तमुक संघाला हरवले. पंचाचं नाव नाही. हरलेल्या गावाने आठ दिवस शिव्या द्यायच्या, मग पुढच्या स्पर्धेला तीच माणसं चहा आणून द्यायची. चुका व्हायच्या की. माझ्याही झाल्या असतील. त्या मैदानातच राहायच्या.

यंदा आमच्या रामवाडीतल्या अर्ध्या घरांनी केबल काढली. आमचीही काढली. दिलीप मोबाइलवरच बघतो सगळं.

१६ जाने., शुक्र.

समीरला तिसऱ्यांदा फोन. उचलत नाही. त्याचा दुसरा कॅमेरा बरोबर मध्यरेषेवर होता, मी स्वतः तो चालवणाऱ्या पोराला तिवई मागे घ्यायला सांगितलं होतं. नऊ सेकंदांची क्लिप तिरकी आहे, कोपऱ्यातली. रेषेवरचं चित्र टाकलं की प्रश्न मिटला. पण तो टाकत नाही. भांडण जितकं लांबेल तितकी माणसं त्याच्या चॅनेलवर येतील, हेच असणार.

चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, दुर्लक्ष कर. रोज सकाळी येऊन सांगतात किती जणांनी बघितलं, आणि वर म्हणतात दुर्लक्ष कर.

१८ जाने., रवि.

सकाळच्या गाडीने निडी. दिलीपला सांगितलं नाही.

समीरचं घर स्टेशनपासून दहा मिनिटं. त्याचे वडील केबलवाले. आधी पाहिलंय त्यांना, खांबावर चढलेले. आता अंगणात बसून जुन्या वायरची भेंडोळी सोडवत होते. आतलं तांबं काढून भंगारात देणार म्हणाले. "या बाई. तो आत हाय. तुमी येनार असं मला वाटलंच होतं."

वडिलांची कंट्रोल रूम म्हणजे आता समीरचा स्टुडिओ. जिथे रिसीव्हरची रांग होती तिथे गोल दिवा, मागे निळा पडदा.

मी बसायच्या आधीच सुरू झाले. माझी बदनामी होतेय आणि तू लोकं मोजतोस. वगैरे. चांगली पाच मिनिटं बोलले.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "ताई, लाइव्हला माझ्याकडे अकराशे माणसं होती. त्या पेजनं उचललं, लाखाच्या वर गेलं. माझं नावपण ठेवलं नाय. तक्रार केली तर उत्तर नाय. मला यातून काय मिळालं, सांगा."

"मग रेषेवरचा कॅमेरा का नाही टाकलास?"

"तुम्ही आधी बघा."

बघितलं. हळू करून दाखवलं त्याने. ऋतुजाची चार बोटं रेषेवर. रेषेची फक्की उडालेली दिसते, पांढरी. आणि त्यानंतर माझा हात तोंडाकडे जातोय. त्यानंतर. शिट्टी अजून ओठांत पण नाही.

तीनदा बघितलं. चौथ्यांदा त्यानेच बंद केलं.

"त्याच दिवशी बघितलं होतं मी," म्हणाला. "म्हणून फोन उचलत नव्हतो. काय सांगनार तुम्हाला?"

त्याच्या आईने चहा आणला. मी प्यायले बहुतेक.

तो म्हणाला, "मी हा टाकत नाय. टाकला तर चालेल खूप, ते माहितेय मला. पन या पट्ट्यात बाई पंच तुम्ही एकट्या. तुम्ही थांबलात तर मंडळं मुलींचे सामने घेनार नायत. आणि खरं सांगू, माझ्याकडे मुलींचेच सामने चालतात."

त्याचा भला विचार आणि धंद्याचा विचार एकाच वाक्यात होता. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याचेही डोळे सुजलेले. आठवड्यात चार मैदानं करतो, स्वतः तिवया उचलतो.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. नागोठणं कधी गेलं कळलं नाही.

१९ जाने., सोम.

हात पोचायच्या आधी शिट्टी दिली, असं मी अकरा तारखेला लिहिलंय. वर पान उलटून बघितलं. तेच लिहिलंय. खोटं नव्हते बोलत. मला खरंच तसं दिसलं होतं.

संध्याकाळी म्हात्रे सरांचा फोन. पंचांच्या मंडळाचे प्रमुख, मला शिट्टी धरायला त्यांनीच शिकवलं. "विद्या, एक पत्र तयार केलंय. निर्णय नियमानुसार होता, मंडळ पंचांच्या पाठीशी आहे. तू फक्त सही कर. विषय संपला."

त्यांना काही माहीत नाही. माझ्या बाजूने उभे राहतायत म्हातारे.

बघते म्हटलं.

२० जाने.

डोकं दुखतंय. सहावीचा तास मोकळा सोडला.

२२ जाने., गुरु.

दिलीपला सांगितलं शेवटी. तो म्हणाला, "कोणाला माहितेय? तू, मी, समीर. सही कर आणि झोप."

"ऋतुजाला माहितेय."

"तिला वाटतंय. वाटणं वेगळं."

मग भांडी घासायला स्वतःच उठला. रोज उठत नाही.

२४ जाने., शनि.

अर्धी शाळा. रिक्षा करून खाडीकडे गेले. ऋतुजाचं गाव विचारत विचारत. रिक्षावाला सारखा आरशात बघत होता, ओळखलं की काय कोण जाणे.

मिठागरात वाफे तुडवायचं काम चालू होतं. ऋतुजा आणि तिची आई दोघी चिखलात, सात-आठ बायकांबरोबर रांगेने. मला बघून ती थांबली. आई म्हणाली, "गो ऋतू, मॅडम आल्यान. पानी आन."

बांधावर बसलो. सरळ सांगून टाकलं. रेकॉर्डिंग बघितलं, तुझा हात पोचला होता, मी चुकले.

तिने पायाचा चिखल हाताने निपटला. मग म्हणाली, "मला तवाच माहीत व्हतं, मॅडम. फक्की हाताला लागली व्हती. मी हात धुतला नाय घरी येईपर्यंत."

"मग तिथेच बोलली का नाहीस?"

"पंचाशी बोलायचं नाय, असं तुमीच सांगितलंव. शाळेच्या स्पर्धेला. मी सातवीला व्हते."

आठवत नाही मला. तिला आठवतं.

आई मध्येच म्हणाली, "हिचा फोन सारखा वाजतो आता. पनवेलचा कोन सांगतो बुटाची जाहिरात कर, कोन सांगतो मातीत पडून दाखव परत."

"फॉलोअर वाढलं," ऋतुजा म्हणाली. "पन शिबिराच्या यादीत नाव नाय. जिंकलेल्या संघाच्या तिघी घेतल्या जिल्ह्याच्या शिबिराला. आमची एक पन नाय. लोक म्हनतात पोरीवर अन्याय झाला. अन्याय झाला म्हनून बघतात, मॅडम. खेळ कोन बघतोय?"

मी विचारलं, मी काय करू?

"व्हिडीओ नको. व्हिडीओवर लोक हसतात नुसती. कागदावर लिहून द्या शिबिरवाल्यांना. सही करून."

आईने निघताना पिशवीत सुके बोंबील घातले. नको म्हटलं तरी. चूक माझी, आणि बोंबील घेऊन मी घरी.

२६ जाने., सोम.

ध्वजवंदन, कवायत. मी 'सावधान' म्हटल्यावर मागच्या रांगेतून कोणीतरी तोंडाने शिट्टी वाजवली. सगळी रांग फिसकन हसली. मुख्याध्यापक बघत होते. मी परत 'सावधान' म्हटलं. आवाज चिरका निघाला.

२७ जाने., मंगळ.

म्हात्रे सरांकडे गेले, त्यांनी पाठवलेलं पत्र सही न करता परत दिलं आणि शिबिरवाल्यांकडे पाठवायला माझं दिलं. एक पान. हात रेषेवर पोचला होता, निर्णय चुकला, खेळाडू ऋतुजा हिचा शिबिरासाठी विचार व्हावा.

सरांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून ठेवला.

"हे तू मला तोंडी सांगितलं असतंस तर मी तुला पाणी दिलं असतं. लेखी कशाला आणलंस?"

"तिने लेखी मागितलंय, सर."

"विद्या, अगं उद्या प्रत्येक मंडळ मोबाइल घेऊन माझ्या दारात येईल. हा निर्णय बघा, तो निर्णय बघा. कॅमेऱ्यालाच पंच करायचा असेल तर आपण कशाला उन्हात उभं राहायचं? शिट्टी वाजली की वाजली. तुला हेच शिकवलं ना?"

हेच शिकवलं. आणि ते चूकही नाही. शिट्टी वाजली की वाजली, नाहीतर सामना पुढे सरकणारच नाही. पण त्या पोरीची चार बोटं पण खरी.

पत्र त्यांनी टेबलाच्या खणात ठेवलं. पुढे पाठवतो म्हणाले नाहीत, पाठवत नाही असंही म्हणाले नाहीत.

३० जाने., शुक्र.

तीन दिवस सरांचा फोन नाही. शिबिर नऊ तारखेला सुरू. समीरला फोन केला. यावेळी पहिल्या रिंगला उचलला.

"रविवारी पेणला तुझं लाइव्ह आहे ना? सामन्याच्या आधी मला दोन मिनिटं दे. पण ऐक. कापायचं नाही, मागे गाणं नाही, वर लाल अक्षरं नाहीत."

"ताई, मग कोन बघनार नाय."

"नाही बघितलं तरी चालेल. शिबिराची माणसं बघतील. त्यांना तू पाठव."

"पाठवतो. रेषेवरचं पन टाकू का मग?"

टाक म्हटलं. मी बोलून झाल्यावर.

ऋतुजाने व्हिडीओ नको म्हटलं होतं, कागद खणात पडलाय. तिला फोन करून विचारलं. म्हणाली, "तुमाला जमत असंल तर बोला." जमत असेल तर. तिला माझी काळजी.

१ फेब्रुवारी, रवि.

बोलले. पेणच्या मैदानावर, भर दुपारी तीनला. माणसं अजून यायची होती. पाठ करून गेले होते, त्यातलं अर्धं विसरले. माझा निर्णय चुकला. कोणाकडून काही घेतलं नाही, डोळ्यांनी चूक केली. ऋतुजा ही या पट्ट्यातली आज सगळ्यात चांगली चढाईपटू आहे, तिच्या खेळाकडे बघून तिचं नाव घ्या. एवढंच. दीड मिनिट.

समालोचक माईक घेऊन टाळ्या मागायला लागला. मी हात केला, नको. तोच तो सूनबाईवाला. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मी मजेत बोललो होतो ओ ताई. तसं बोललं नाय तर लोकं चॅनेल बदलतात." नजर खाली होती. त्यालाही समीर बोलवेल तर काम. नाहीतर नाही.

दिलीप आला होता. ये म्हणून सांगितलं नव्हतं. लांब, गाडीवर बसून राहिला.

२ फेब्रु., सोम.

समीरने शब्द पाळला. कापलं नाही, गाणं नाही. सकाळपर्यंत चारशे माणसांनी बघितलं. त्यातले बरेच आमच्याच शाळेचे.

दुपारी त्या पनवेलच्या पेजवर आलं. सहा सेकंद. "माझा निर्णय चुकला," तेवढंच, तीनदा फिरवून फिरवून, मागे ढोल. ते किती जणांनी बघितलं हे चित्रकलेच्या बाईंनी सांगायच्या आधीच मी तासावर निघून गेले.

रेषेवरचं रेकॉर्डिंग, फक्की उडतानाचं, ते कोणी उचललं नाही. समीर म्हणतो त्यात आवाज नाही, चेहरा दिसत नाही. म्हणून.

४ फेब्रु., बुध.

पंचांच्या मंडळाचं पत्र. पुढील निर्णय होईपर्यंत मला सामने देऊ नयेत. खाली म्हात्रे सरांची सही. सही थरथरलेली, हल्ली त्यांचा हात तसाच आहे, त्याचा काही अर्थ काढायला नको.

दिलीपने वाचलं, घडी घातली. "आता रविवारी घरी असशील," म्हणाला. मला बरं वाटेल म्हणून म्हणाला. मीही हसले.

रविवारी काय करतात माणसं?

६ फेब्रु., शुक्र.

रोह्याकडच्या एका मंडळाच्या अध्यक्षाचा फोन. ओळख ना पाळख. "ताई, आमच्या स्पर्धेला तुम्हीच पंच पाहिजे. असोसिएशनचं सोडा, आपली प्रायव्हेट स्पर्धा हाय. पोस्टरवर तुमचा फोटो टाकतो."

"माझा फोटो कशाला?"

"अहो, तुम्ही येनार म्हटल्यावर लाइव्हला पब्लिक किती येईल! रेषेवर दोन कॅमेरे लावू. मोठी स्क्रीन लावू. तुम्ही शिट्टी मारायची, मग स्क्रीनवर बघायचं, बरोबर का चूक. लोकांना मजा."

उद्या संध्याकाळपर्यंत सांगते म्हटलं. त्याला वाटलं मानधनाचं असेल, आकडा बोलला. दुप्पट.

समीरला विचारलं. त्याला माहीत होतं, लाइव्ह त्याचंच आहे. म्हणाला, "ताई, तमाशाच करनार ते, मी खोटं नाय बोलत. पन ती स्क्रीन त्या दिवशी असती तर ऋतुजा जिंकली असती."

दिवसभर तेच वाक्य डोक्यात.

७ फेब्रु., शनि.

अध्यक्षाला आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय.

साडेपाचला ऋतुजाचा फोन. मागे मैदानाचा गलका.

"मॅडम, नवी यादी लागली का?"

"नाही गं. अजून नाही. परवा शिबिर सुरू होतंय, उद्यापर्यंत काहीतरी कळवतील."

"बरं."

मग म्हणाली, "तुमाला सामने देत नायत म्हनं आता."

"कोण म्हणालं?"

"मोबाइलवर आलंय."

तेही आलं. "माझी चढाई हाय मॅडम, जाते," म्हणाली. फोन बंद केला नाही, तसाच कुठेतरी ठेवला असावा, दगडावर नाहीतर चपलेवर. पोरींचा आरडाओरडा आला, मग एकदम शांत, मग तिचा एकटीचा आवाज. कबड्डी कबड्डी कबड्डी. लांब जात होता, परत येत होता.

फोन कानाला धरून ओट्यापाशी उभी राहिले. तिकडे कोण पंच होतं, होतं की नव्हतं, काही कळत नव्हतं. दुसरा कॉल येतोय असं टुक टुक वाजायला लागलं. अध्यक्षच असणार. मी उचलला नाही. ती अजून परत आली नव्हती.